डाव्या कॅमेऱ्याची काच

दसऱ्यापासून गॅरेजातल्या व्हील अलाइनमेंटच्या, चाकांचा कोन मोजणाऱ्या दोन कॅमेऱ्यांचा मेळच बसत नव्हता. एकाही गाडीचं माप जुळेना, गिऱ्हाईक समोरच्या गॅरेजात वळू लागलं. अनंतशेठना खात्री वाटली, आपला मिस्त्री सिकंदरच फितूर झालाय.

"शेठ, डाव्या कॅमेऱ्याची काच तेवढी तुम्ही पुसा," तो सारखा म्हणत होता. गॅरेजभर फडकं मारणाऱ्याला एक काच जड झाली? नक्कीच काहीतरी करून ठेवलं असणार.

"पुसतो! आणि मग तुझ्याकडे बघतो," म्हणत शेठ तणतणत स्टुलावर चढले.

काचेच्या मधोमध कुंकू वाळलं होतं. दसऱ्याच्या पूजेत त्यांनी स्वतःच लावलेलं.

खालून सिकंदर चाचरत म्हणाला, "पूजेचं कुंकू... मी कसं पुसणार?"

काच लख्ख झाली. सिकंदरकडे बघणं मात्र शेठना जमेना.