मांजरपाटावरची अक्षरं

रतनला पाटीवरची अक्षरं बघून कळत नसत. बोट फिरवलं की झटकन ओळखायची. यंदाही नापास झाली तर शाळा बंद, आईला तिच्या सासऱ्यांनी बजावलेलं. म्हणून आईनं मांजरपाटावर जाड दोऱ्यानं मुळाक्षरं शिवली आणि लोणावळ्याच्या शाळेतल्या रतनच्या बाईंना, आपल्या कॉलेजातल्या मैत्रिणीला, नेऊन दिली. “निर्धास्त राहा गं. तुझी लेक ती माझीच,” मैत्रीण म्हणाली होती. आज शाळातपासणी. आईला राहवेना, ती वर्गाच्या खिडकीशी उभी राहिली. कापड भिंतीवर उंच, खिळ्यांनी ठोकलं होतं. “युक्ती कुणाची?” तपासणीला आलेल्या दिपोटीसाहेबांनी विचारलं. “माझीच,” मैत्रीण म्हणाली. वर्गात रतन दिसेना. “कच्च्या पोरी हौदामागं बसवल्यात,” शाळेतली मोलकरीण शालूबाई पुटपुटली. “सायेब जाईस्तवर. दरसालचंच हाय, ताई.” रतन तिथं चिंचोके खेळत होती. आईनं विचारलं, “कापडावर रोज बोट फिरवतेस ना?” “नाही. बाई म्हणतात, हात लावला की मळतं.”