आमेन होईपर्यंत

बाळ सुखरूप जन्मलं. मुलगी झाली. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजू या, कारण त्या संध्याकाळी बेटावरच्या त्या गावात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सिनेवा चटईवर बसली होती, दोन्ही हात पोटावर. पोट गप्प होतं.

शंख वाजून गेला होता, म्हणजे 'सा' सुरू झाला होता. घराघरात प्रार्थना, गावभर शांतता, आणि दुसरा शंख वाजेपर्यंत छपराबाहेर कुणी चालायचं नाही. चालणाऱ्याला अडवून आहे तिथेच खाली बसवायला तरुण पोरं रस्त्याकडेला उभी असत. बाहेर असायची परवानगी तेवढी त्यांनाच. सिनेवाचा नवरा इओपू त्यांच्यातलाच एक.

घरात सासरे फुइआवा प्रार्थना करत होते. ते गावाचे वक्ते. कुणाशीही बोलायचं असलं की गावाच्या वतीने तेच बोलत, देवाशीसुद्धा. रोज त्यांनी डोळे मिटले की पोटात लाथा सुरू व्हायच्या. सासऱ्यांच्या मते ही भक्ती होती, सिनेवाच्या मते तक्रार. काही असो, बाळाची हमखास वेळ हीच. आज दुपारपासून ते सुस्त वाटत होतं, आणि आता त्याच्या वेळेलाही काहीच नाही.

"आई, बाळ हलत नाहीये," ती पुटपुटली.

"झोपलं असेल गं," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "गार शहाळं पी. सा संपला की बघू."

"नर्सबाईंनी बजावलंय. नुसत्या लाथा मोजत बसू नकोस, बाळाची सवय ओळख. सवय बदलली की लगेच निघून ये. शहाळं पीत बसू नकोस."

"शहाळ्याचं नाव घेऊन म्हणाल्या?"

"नाव घेऊन."

फुइआवांनी एक डोळा उघडला. "आज माझ्या प्रार्थनेत काही कमी पडलं का?" उत्तराची वाट न बघता त्यांनी महाप्रलयापासून पुन्हा सुरुवात केली, आवाज चढवून. प्रलय ओसरला. पोट गप्पच.

सिनेवा उठली आणि सरळ रस्त्यावर आली. इओपू आडवा झाला.

"सिने, खाली बस. सा चालू आहे."

"बाळ हलत नाहीये."

त्याचा चेहरा उतरला. "बसून बघ ना, हलतंय का."

"तू बाप आहेस की फाटक?"

इओपूने बाकीच्या पोरांकडे पाहिलं. बाकीच्यांनी समुद्राकडे पाहिलं. सा चालू असताना आजवर कुणालाही सोडलं नव्हतं. एकदा तर खुद्द पाद्रीबाबांना डबक्यात बसवलं होतं, आणि पाद्रीबाबांनी नंतर आभार मानले होते.

"थांबा!" फुइआवा छपराच्या कडेपर्यंत आले. देवाला त्यांनी हातानेच थांबवून ठेवलं होतं. "नियम काय आहे? छपराबाहेर चालू नये. छपराखाली चालू नये असं कुणी म्हटलंय?"

कुणीच म्हटलं नव्हतं.

मागच्या अंगणात दुपारी लवंडायचं छोटं घर होतं. चार खांब आणि वर पाला. भिंती गावात कुणाच्याच घराला नव्हत्या. पोरांनी ते खांबांसकट उपटलं, रस्त्यावर आणलं आणि सिनेवाच्या डोक्यावर धरलं. सासू-सासरे आत शिरले. फुइआवांनी देवाशी पुढे बोलायला घेतलं आणि घर दवाखान्याच्या दिशेने चालू लागलं. डोळे मिटून शंखाची वाट बघत बसलेलं सगळं गाव ते बघत होतं.

वळणावर छप्पर नीरफणसाच्या फांदीत अडकलं.

"डावीकडून घ्या," एकजण म्हणाला.

"डावीकडे डुकरांचं कुंपण आहे."

"मग आधी देवाला विचारू."

"फांदी तोडा," सिनेवा म्हणाली, "नाहीतर मी घर सोडून जाते."

झाड गावप्रमुखांचं होतं. त्याला हात लावणं म्हणजे प्रमुखांच्या दाढीला हात लावणं. इओपूने फांदीला लोंबकळून ती मोडली आणि मग वळून बायकोकडे पाहिलं. ती आधीच पुढे निघाली होती. घराला तिच्यामागे पळावं लागलं.

नर्स माकेरीता दारातच उभी होती. "घर बाहेर ठेवा," ती म्हणाली आणि सिनेवाला आत घेऊन गेली. पोटावर यंत्र लावून तिने ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"ठोके आहेत. पण मंद आहेत. थांबली नाहीस ते बरं केलंस, पोरी." लगेच तिने गाडी काढायला लावली. सिनेवा आणि इओपू मोठ्या इस्पितळाकडे गेले. पुढे काय झालं ते तुम्हाला अजून ठाऊक नाही.

माकेरीता बाहेर आली, तर घर तिथेच. पोरांनी खांब धरलेले, आणि मध्ये फुइआवा अजून प्रार्थना करत होते.

"काका," ती म्हणाली, "सा संपल्याचा शंख कधी वाजतो हो?"

"गावातल्या शेवटच्या घराची प्रार्थना आटोपली की."

"आणि शेवटचं घर कुठलं?"

फुइआवांनी वर बघितलं. पाला तोच होता. "हे," ते म्हणाले.

"म्हणजे ती उठली तेव्हाच तुम्ही आमेन म्हटलं असतं, तर रस्ता मोकळाच होता."

खांब धरणाऱ्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. घर जरा खाली आलं. फुइआवा गप्प झाले. गावाच्या आठवणीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

"हे मला घरी कुणी सांगितलं नाही," ते शेवटी म्हणाले.

"तुम्ही बोलत होतात," सासूबाई म्हणाल्या.

काही आठवड्यांनी गावसभेत सिनेवाचा अर्ज आला, तेव्हा ती बाळ मांडीवर घेऊन मागे बसली होती. सभेत वाचायचं काम वक्त्याचंच. फुइआवांनी घसा साफ केला आणि आधी प्रस्तावना केली. प्रस्तावनेत गावाची स्थापना, पूर्वजांच्या होड्या आणि नातीचं नाक, सगळं आलं. भट्टीत भाजलेले टॅरोचे कंद गार झाले. मग त्यांनी अर्ज वाचला. तो असा होता: "गावात एखादी जरी बाई गरोदर असेल, तोवर माननीय वक्त्यांनी संध्याकाळची प्रार्थना एका दमात मावेल एवढीच करावी, ही नम्र विनंती."