मामाचा घास

बाळाच्या उष्टावणाच्या खिरीत हेमांगीने विष ओळखणारा चमचा बुडवला. गेल्या आठवड्यात याच तांदळाला लालभडक झालेला चमचा आज हिरवागार झाला. तिचं डोकंच सणकलं.

"तांदूळ तोच, ओढ्यावरचा कारखाना तोच. मग विष गेलं कुठे, निशिकांत?"

निशिकांत, तिचा धाकटा भाऊ, पर्यावरण खात्यात होता. "ताई, सोमवारी कॅडमियमची मर्यादा वाढवली. चमच्यांमध्ये नवा आकडा आपोआप आला."

"सही तुझीच ना? मग भरव. पहिला घास मामानेच द्यायचा असतो."

निशिकांतने वाटी हळूच बाजूला सारली आणि पिशवीतून डबा काढला. "बाळासाठी मी वेगळ्या तांदळाची खीर आणलीय."

हेमांगीने झाकण दाणकन आपटलं. "आणि ज्या पोरांचा मामा खात्यात नाही, त्यांनी काय खायचं रे?"