गरम पाण्याचा बेत

रविवारी संध्याकाळी सात वाजता मनोहरने आईची पिशवी भिंतीवर आपटली. कुंडाच्या गरम पाण्यात शिजवायला बांधलेली तांदळाची पुरचुंडी फुटून दाणे घरभर उडाले.

बेत आठवडाभर चालला होता. आईचे गुडघे धरले होते. सून सुगंधाने तिला घेऊन सोमवारी सकाळच्या जीपने कुंडावर जायचे, दिवसभर निवांत शेकत बसायचे. मनोहरनेच हसत परवानगी दिली होती. "जा, तूही पाठ शेकून ये," असे बायकोला म्हणालाही होता.

मग रविवारी संध्याकाळी पिशवी भरता भरता आई सहज बोलली, "सुगंधाच्या आईलाही बोलावलंय."

मनोहरचे हसू थांबले. बायकांच्या कुंडाभोवती भिंत आहे, पण आत आडोसा नाही. सगळ्या छातीशी परकर बांधून पाण्यात उतरतात. सुगंधाच्या पाठीवर त्याच्या पट्ट्याचे वळ होते.

"म्हातारे, मुद्दाम केलंस?"

"हो. तुझा हात धरायची ताकद नाही माझ्यात, मन्या. म्हणून पोरीची पाठ तिच्या आईला दाखवणार आहे."

त्याने पट्टा काढला. आई मध्ये आली, पहिला फटका तिच्या कानशिलावर बसला. दुसऱ्यांदा उगारलेला पट्टा सुगंधाने पकडला आणि सोडला नाही.

सोमवारी सकाळी जीप दारात आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, कोणी बाहेर आले नाही. सुगंधाची आई खाली उतरली. दाराला बाहेरून कुलूप होते, मनोहरची मोटरसायकल जागेवर नव्हती. तिने लेकीला आणि विहीणबाईंना हाका मारल्या.

आतून एकीचेच उत्तर आले.