ब्रेकच्या दिव्याची तार

दोन्ही बाजूंचे बल्ब एकाच दिवशी जात नाहीत, एवढं तोकुजीला कळत होतं. तरीही त्याने आपल्या जुन्या छोट्या ट्रकची मागची लाल भिंगं उघडून दोन्ही बल्ब काढून पाहिले. शाबूत होते. फ्यूजही ठीक होता. टेस्टर लावला, तर ब्रेक दाबूनही मागपर्यंत वीज पोचतच नव्हती.

परवा संत्र्यांच्या बागेतून उताराने येताना रानडुकराची पिल्लं आडवी आली. त्याने ब्रेक दाबला आणि मागून स्कूटरवर येणारी शेजारीण फुसाए थेट ट्रकवर आदळली. तिचं मनगट मोडलं. दिवा लागलाच नाही, एवढंच ती म्हणाली, तेही स्वतःचंच चुकल्यासारखं. इस्पितळात तोकुजीने तिची माफी मागितली. गावात मात्र जो तो त्याच्या वयावर घसरला. अठ्ठ्याहत्तरी उलटली, लक्ष राहत नाही, गाडी चालवायचा परवाना परत करायला नको का? मुलगा नोरिआकी तर मात्सुयामा शहरातून वर्षभर फोनवर हेच ऐकवत होता.

तोकुजी दार उघडं टाकून पाठीवर आत सरकला. ब्रेकच्या वर एक छोटा खटका असतो, पाय पडला की तो दिव्याकडे वीज सोडतो. त्या खटक्यातून निघालेली तार मध्येच तुटली होती. उंदराचं काम, असं पुटपुटत त्याने टोक उजेडात ओढलं. ते पकडीने कापल्यासारखं सरळ होतं. दोन्ही टोकांना निळी टेप नीट गुंडाळलेली होती.

उंदीर टेप लावत नाही.

गेल्या रविवारी नोरिआकी आला होता. तुम्ही बसा निवांत, म्हणत त्याने ट्रक आतून-बाहेरून पुसून काढला होता. मुलाला काळजी आहे हो, असं तोकुजीने फुसाएलाच कौतुकाने सांगितलं होतं.

त्याने फोन करून मुलाला बोलावून घेतलं. कारण सांगितलं नाही. नोरिआकी दुपारी आला, ट्रकचं उघडं दार पाहिलं आणि तिथेच थबकला. तार कापल्याचं त्याने नाकारलं नाही. गावाबाहेर पोलीस अडवतील, चार लोकांसमोर सुनावतील, मग तरी तुम्ही गाडी सोडाल असं वाटलं, म्हणाला. कुणाला लागेल हे मनातही नव्हतं.

"किल्ली उचलून न्यायचीस," तोकुजी म्हणाला. "माझ्यासमोर. मी भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या. पण ते तुझ्या-माझ्यात राहिलं असतं."

"तुम्ही ऐकता कुठे, बाबा?"

"म्हणून दिवा तोडलास? तो दिवा माझ्यासाठी नसतो, नोरिआकी. मला तर तो दिसतही नाही. मागून येणाऱ्याचा असतो तो."

त्याचा आवाज चढला नव्हता. दोन दिवस तो गावात मान खाली घालून हिंडला होता. रात्री अंथरुणात, आपण ब्रेक खरंच दाबला होता ना, अशी स्वतःवरच शंका घेत पडला होता.

त्याने पकड मुलाच्या हातात दिली. नोरिआकीने आत वाकून तार जोडली. तोकुजीने ब्रेक दाबला, नोरिआकीने मागे जाऊन पाहिलं आणि लागला म्हणून सांगितलं. मग तोकुजी त्याला घेऊन चालतच फुसाएकडे गेला.

तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. डाव्या हाताने तिने दोघांना चहा ओतला. दिवा आपण दुरुस्त केला, एवढंच नोरिआकीने सांगितलं आणि तिचा चेहरा फुलला.

"बरं झालं आलास," ती नोरिआकीला म्हणाली. मग तोकुजीकडे वळली. "आता तरी पोराचं ऐका, तोकुजीसान. या वयात असं व्हायचंच."

तोकुजीने मुलाकडे पाहिलं. नोरिआकीने पेला बाजूला ठेवला, दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं.

"अरे, हे काय?" फुसाए गोंधळली. "दिवा नीट करून दिलास, आणि वर माझ्या पाया पडतोस?"

नोरिआकीने कपाळ चटईवरून उचललं नाही. तोकुजी तिथेच बसून होता. मुलाच्या वतीने तो एक शब्दही बोलणार नव्हता.