मोजायचं राहिलं

गरोदर बाईच्या पोटावर बाळाचे ठोके ऐकायचं फीटोस्कोपचं नरसाळं ठेवून सारिकानं कान लावला रे लावला, की नर्सिंग कॉलेजच्या मॅडम ते हिसकावून घ्यायच्या. "मराठी शाळेतली ही, हिला काय ऐकू येणार?" बाकीच्या मुलींना मात्र मन भरेस्तोवर ऐकू द्यायच्या. सारिका मान खाली घालून मागे सरकायची.

आज मॅडमना दारात कुणीतरी गाठलं. सारिकानं श्वास रोखून कान टेकवला. आधी नुसती घरघर. मग खोलातून आलं, टपटपटप, एखादं वासरू गोठ्याकडं दुडदुडत यावं तसं. तिच्या अंगावर काटा आला. अजून नाव नाही, गाव नाही, आणि केवढी घाई!

"ठोके किती?" मॅडम मागे उभ्या होत्या.

मोजायचं राहूनच गेलं होतं.

"जा, म्हशी राख घरी!" मुली फिदीफिदी हसल्या.

"सिस्टर, बाळ बरं हाय ना?" बाईनं घाबरून सारिकाचा हात धरला. सारिकानं तिचा तळवा उघडला आणि बोटानं त्यावर तोच ठेका वाजवला. बाई डोळे मिटून ऐकत राहिली.

"मोजायचं राहिलं, मॅडम," सारिका मान वर करून म्हणाली. "पुन्हा ऐकते."

आणि परवानगीची वाट न बघता तिनं कान टेकवला.