केसभर

जहाजाचे दोर सुटले तेव्हा कुठे वर्दिया वरच्या डेकवर आली.

मोकरान समोरच्या कोळ्यांच्या धक्क्यावर केव्हाचा कॅमेरा घेऊन उभा होता. तोवर त्याने दोरांचे पीळ, नांगराची साखळी, कठड्याला रेलून सिगारेट ओढणारा खलाशी, सगळं लेन्समधून पाहून घेतलं होतं. सगळं लख्ख दिसत होतं. लेन्स त्याची स्वतःची, जुनी. कारखान्यातल्या एका रशियन इंजिनियरने मायदेशी जाताना दिलेली. कॅमेरा लेकीचा, नवा, मिररलेस. लेन्सचं तोंड कॅमेऱ्याला बसेना, म्हणून मधलं कडं मोकरानने स्वतः लेथवर कातलं होतं. बेजायाच्या बंदरातल्या निम्म्या बोटींचे सुटे भाग त्याच्याच लेथवरून गेलेले.

"असली कडी विकत मिळतात, बाबा," दहबिया म्हणाली होती. "पुढच्या वेळी मार्सेहून आणते."

"पुढच्या वेळी कशाला," तो म्हणाला होता. "तुझ्या आईचा फोटो उद्या काढायचाय."

फोटो कुठून काढायचा ते वर्दियानेच सांगितलं होतं. सकाळी डोक्याला रुमाल बांधता बांधता, आरशाकडे पाठ करून. "जवळून नको काढू हं. जहाज सुटलं की काढ. लांबून मी आजारी दिसत नाही."

लेक तिला उपचारांना मार्सेला घेऊन चालली होती. मोकरानला व्हिसा मिळाला नव्हता.

धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या बल्कासेमने मान वर केली. "दा मोकरान, एवढं लांबडं नळकांडं कुणावर रोखलंय? त्या किनाऱ्यावरची एखादी पोरगी दिसतेय का?"

"बायको आहे माझी. डेकवर."

बल्कासेमने जहाजाकडे पाहिलं. मग तो पुन्हा जाळ्यात बोटं घालून बसला.

वर्दियाने हात वर केला. पिवळा रुमाल, निळा कोट, शेजारी दहबिया. मोकरानने चित्र मोठं करून घेतलं आणि लेन्सची रिंग फिरवली. चेहऱ्याच्या जागी पिवळा ठिपका होता. त्याने आणखी फिरवली. ठिपका थोडा आवळला, त्यात नाकडोळे येतीलसं वाटलं, आणि रिंग शेवटाला जाऊन अडली.

तो पुन्हा मागे आला, पुन्हा पुढे गेला. रिंग पुन्हा तिथेच अडली.

मग त्याच्या ध्यानात आलं. कातलेलं कडं जाड झालं होतं. केसभरच. गल्लीत समोरच्या खिडकीवर लावून पाहिलं तेव्हा ते कळलं नव्हतं, मघाशी खलाशावरही कळलं नाही. जवळच्याला ते पुरत होतं. वर्दिया आता त्याच्या पल्ल्याबाहेर गेली होती आणि जहाज वेग घेत होतं. लेथवर धरून एक हलका काप घेतला असता की झालं असतं. पण लेथ होता वर, गावात.

ती अजून हात हलवत होती. निदान तसं वाटत होतं.

त्याने कडं काढून खिशात टाकलं आणि लेन्स नुसत्याच हाताने कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडासमोर धरली. चित्र पांढरंफटक पडलं.

"बल्कासेम, तुझं जाकीट धर रे यावर. ऊन आत शिरतंय."

बल्कासेमने जाळं टाकलं, जाकीट काढलं आणि त्याच्या हातांवर तंबूसारखं धरलं. "नळकांडं हलतंय, कोपर अंगाला लावा," तो म्हणाला.

"लावतो."

लेन्समध्ये वर्दिया येत होती, जात होती. मोकरानने कोपर बरगडीत रुतवलं, श्वास धरला. आणि ती आली. रुमालाची गाठसुद्धा दिसावी इतकी स्वच्छ.

हात हलवणं कधीच थांबलं होतं. आता आपण कुणाला दिसत नाही असं समजून ती बाकावर बसली होती. रुमालाचं टोक तोंडात कोंबलेलं, कपाळ गुडघ्यांना टेकलेलं. रडत होती की कळ आली होती, ते त्याला कळेना. दहबियाचा हात आईच्या पाठीवर होता आणि ती स्वतः भलतीकडेच, समुद्राकडे पाहत होती.

त्याचं बोट बटणावर होतं. त्याने दाबलं नाही. लेन्स जराशी कलली आणि सगळं पुन्हा विरघळलं.

"मिळाला?" जाकिटाआडून बल्कासेमने विचारलं.

मोकरानने मान हलवली. हो की नाही, ते बल्कासेमला समजलं नाही. त्याने जाकीट झटकून खांद्यावर टाकलं आणि जाळं उचलून थोडं लांब जाऊन बसला.

लेन्स कागदात गुंडाळत असताना मोबाईल वाजला.

"दिसले का रे मी?" वर्दियाचा आवाज टवटवीत होता. तिच्यामागे इंजिनाची घरघर. "हात दुखला हलवून हलवून."

"दिसलीस की."

"कशी आलेय?"

"छान. वारा होता ना, रुमाल थोडा उडालाय."

"उडू दे." ती थांबली. तिने श्वास घेतलेला त्याला ऐकू आला. "उन्हात उभा नको राहू. घरी जा. आणि कालचं कुसकुस ठेवलंय, गरम करून खा. तसंच गार खाशील, मला माहितेय."

"खातो गरम करून."

"बरं, जायच्या आधी एकदा हात हलव. मी कठड्यापाशीच उभी आहे."

मोकरानने समोर पाहिलं. जहाज डोंगराच्या सुळक्याला वळसा घालून पलीकडे गेलं होतं. मागे नुसता धूर होता, तोही पांगत चाललेला.

फोन कानाशी तसाच धरून त्याने दुसरा हात वर केला आणि हलवला.

"दिसला," ती म्हणाली.